डुमसच्या वाळूवरचे दूरश्रवण

गेल्या डिसेंबरातील एका शनिवारी, सूर्यास्ताच्या थोडे आधी, माझ्या शाळेतील चार विद्यार्थी आणि मी सुरतेहून डुमसच्या किनाऱ्यावर जाऊन बसलो होतो. बरोबर सामान फारसे नव्हते. हातात मावतील असे दोन ट्रान्झिस्टर, काही जादा सेल, एक विजेरी, एक वही आणि अंगाखाली घ्यायला जुनी सतरंजी. डुमस सुरतेपासून सुमारे वीस किलोमीटरांवर आहे. तेथील वाळू काळसर आहे, तेथील भजी प्रसिद्ध आहेत, आणि रात्री या किनाऱ्यावर अदृश्य माणसांची कुजबुज ऐकू येते अशी एक दंतकथाही लांबवर पसरलेली आहे. मुलांनी ती मला वाटेत दोनदा सांगितली. मी त्यांना म्हणालो, "अरे, कुजबुज ऐकण्यासाठीच तर आपण निघालो आहोत!"

सूर्य अद्याप पाण्यावर होता तेव्हा मध्यम लहरींच्या पट्टीवर जवळपासची दोनतीन केंद्रे तेवढी लागत होती. बाकी सर्वत्र नुसती खरखर. सूर्य बुडाला आणि काही मिनिटांतच त्या खरखरीला जाग आली. प्रथम पूर्वेकडचे हिंदी स्वर वर आले. मग उर्दू निवेदन ऐकू आले. त्यानंतर, पश्चिमेचे आकाशही काळवंडल्यावर, समुद्रापलीकडून अरबी पठणाचा एक संथ सूर आला. तो लाटेसारखा वर चढे आणि खाली विरून जाई. मुले स्तब्ध होऊन ऐकत होती. तेवढ्यात त्यांच्यातील एकाने प्रश्न केला, "सर, हे सगळे फोनवर याहून स्वच्छ ऐकू येते. मग इतक्या लांब, थंडीत, खरखर ऐकायला कशाला यायचे?"

प्रश्न रास्त होता. त्या रात्री मी त्याला जे तुटक उत्तर दिले ते थोडे सविस्तर मांडावे, हाच या भाषणाचा हेतू आहे. कारण या प्रश्नाचे उत्तर यंत्रशास्त्रात फारसे नाही. ते इतिहासात आहे.

नभोवाणीचा इतिहास आपण सामान्यतः प्रक्षेपकाच्या मनोऱ्यावरून लिहितो. अमुक साली अमुक केंद्र निघाले, तमुक अधिकारी आले, इतक्या किलोवॅटचे यंत्र बसले. हा इतिहास खोटा नव्हे, परंतु तो बोलणाऱ्याचा इतिहास होय. ऐकणाऱ्याचा इतिहास वेगळा आहे, आणि तो केंद्रापासून दूर असलेल्या ठिकाणाहून अधिक चांगला दिसतो. सुरत हे असेच एक ठिकाण आहे.

या शहराला समुद्रावरून येणाऱ्या वार्तांची वाट पाहण्याची सवय जुनी. १६०८ साली विल्यम हॉकिन्सचे 'हेक्टर' जहाज येथे आले. १६१२ साली जवळच्याच सुवाळीच्या पाण्यात इंग्रज आणि पोर्तुगीज यांची लढाई झाली. त्या काळी लंडन किंवा लिस्बन येथील बातमी सुरतेस पोहोचण्यास सहासहा महिने लागत. गलबत आले की व्यापारी प्रथम पत्रांची चौकशी करीत, मग मालाची. ज्याच्या हाती पत्र तो शहाणा, इतरांनी त्याच्या तोंडाकडे पाहावे, असा तो जमाना होता. बातमीवर स्वामित्व असे, आणि म्हणूनच बातमीला किंमत असे.

हे स्वामित्व मोडण्याचे सामर्थ्य ज्या शोधात होते त्याचा आरंभही एका समुद्रकिनाऱ्यावरच झाला, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. १२ डिसेंबर १९०१ रोजी गुल्येल्मो मार्कोनी न्यूफाउंडलंड बेटावरील सेंट जॉन्स येथे, पतंगाला बांधलेली तार आकाशात सोडून, कानाला श्रवणयंत्र लावून बसला होता. इंग्लंडच्या पोल्ढू येथून, अटलांटिक महासागरापलीकडून, तीन टिंबांचा संकेत पाठविला जात होता. तो आपणास ऐकू आला असे मार्कोनीने जाहीर केले. दूरश्रवणाच्या पुढील सर्व खटाटोपांचे मूळ या प्रसंगात सापडते: समुद्राचा काठ, हाताने उभारलेली तार, आणि खरखरीतून अर्थ शोधणारा एक कान. पुढच्याच वर्षी 'फिलाडेल्फिया' नावाच्या जहाजावरून प्रवास करताना त्याला आणखी एक गोष्ट आढळली. दिवसा संकेत जितक्या अंतरावर मिळत त्याहून पुष्कळ अधिक अंतरावर ते रात्री मिळत. असे का व्हावे, हे त्या वेळी कोणालाच सांगता येईना.

कारण पुढे सापडले. आपल्या डोक्यावर, सुमारे साठ किलोमीटरांपासून काही शे किलोमीटरांपर्यंत, विद्युद्भारित वायूचे थर आहेत. असा थर असावा असे १९०२ साली केनेली आणि हेविसाइड यांनी अनुमानाने सांगितले. १९२४ साली अ‍ॅपल्टन याने प्रयोगाने ते दाखवून दिले. यांपैकी सर्वांत खालचा थर सूर्यप्रकाशामुळे तयार होतो आणि मध्यम लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो विरून जातो, आणि मग त्या लहरी वरच्या थरांवर आपटून शेकडो, कधी हजारो किलोमीटर दूर उतरतात. म्हणूनच रात्र जशी पूर्वेकडून चालत येते तशी दूरची केंद्रेही पूर्वेकडून जागी होतात, आणि पहाटे त्याच क्रमाने झोपी जातात. पूर्वेकडचे आवाज आधी मावळतात. पश्चिमेकडचे, समुद्रापलीकडचे, सर्वांत शेवटी. आमच्या मुलांनी त्या संध्याकाळी वहीत जो क्रम लिहिला तो वस्तुतः पृथ्वीच्या सावलीचाच क्रम होता.

मग समुद्रकाठच का? एक कारण असे की खारे पाणी विजेचे चांगले वाहक आहे. जमिनीवरून सरपटत येणारी लहर कोरड्या मातीत लवकर थकते. समुद्रावरून येताना तिची शक्ती फार कमी खर्च होते. आकाशातून फार तिरकस उतरणाऱ्या दूरच्या लहरीलाही समोरच्या पाण्याचा असाच आधार मिळतो. हे सारे मिठाचे कर्तृत्व आहे. सुरतेच्या दक्षिणेस, याच किनाऱ्यावर, दांडी आहे. तेथे एप्रिल १९३० मध्ये महात्माजींनी मूठभर मीठ उचलले आणि एका साम्राज्याचा कायदा मोडला. ज्या मिठावर सरकारने कर बसविला होता तेच मीठ समुद्रातून परक्या देशांचे स्वर विनाशुल्क आपल्या काठाशी आणून सोडते, हा योगायोग मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आला आहे.

दुसरे कारण शहराच्या कोलाहलाचे. हा कोलाहल कानाला ऐकू येत नाही, पण रेडिओला येतो. विजेचे दिवे, चार्जर, मोटारी, यंत्रमाग, या सर्वांतून मध्यम लहरींच्या पट्टीत अखंड गुणगुण पसरत असते. घरात जो स्वर त्या गुणगुणीत बुडून जातो तो मोकळ्या किनाऱ्यावर स्पष्ट वर येतो. अमेरिकेच्या पश्चिम तीरावर, ऑरेगनच्या समुद्रकड्यांवर, हौशी श्रोते याच कारणाने पहाटे जाऊन बसतात आणि खिशातल्या यंत्रांवर न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया यांची केंद्रे ऐकतात. आपण डुमसला बसून जे करतो ते जगाच्या पाठीवर इतरत्रही चालते, हे ऐकून मुलांना धीर आला.

आता आपल्या देशाकडे वळू. मुंबईच्या नभोवाणी केंद्राचे उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. केंद्र एका खाजगी कंपनीचे होते आणि त्याच्या प्रक्षेपकाची शक्ती अवघी दीड किलोवॅट होती. एवढ्या शक्तीचा दिवसा भरवसा मुंबईच्या आसपासच्या प्रदेशापुरताच. त्या वर्तुळाबाहेर सुरत होती. परवाना काढून रेडिओ बाळगणाऱ्यांची संख्या इतकी तोकडी राहिली की १९३० साली कंपनीचा कारभार आटोपला आणि सरकारने केंद्र आपल्याकडे घेतले. जून १९३६ मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव पडले. पुढे बडोदे संस्थानाने आपले केंद्र काढले, ते १९४८ साली सरकारी जाळ्यात आले. अहमदाबादचे केंद्र १९४९ साली सुरू झाले. अशा रीतीने नकाशावर एकेक वर्तुळ वाढत गेले. प्रत्येक वर्तुळ काढणाऱ्याच्या मनात एक गृहीत होते: या केंद्राचे श्रोते अमुक, त्यांनी ऐकावयाचे ते तमुक. समुद्राला आणि रात्रीला हे गृहीत कधीच मान्य झाले नाही.

ते श्रोत्यांनाही मान्य झाले नाही, याचा पहिला मोठा पुरावा १९४२ साली मिळतो. त्या वर्षी महायुद्धाच्या निमित्ताने हिंदुस्थानच्या आकाशात एकाच वेळी कितीतरी परस्परविरोधी वाणी घुमू लागल्या. सरकारी केंद्रे एक सांगत होती. लंडनहून बी.बी.सी. बोलत होती, त्याच वर्षी तिने मराठीतूनही प्रसारण सुरू केले, आणि मध्ये खंड पडूनही ते १९५८ पर्यंत चालले. त्या काळात लंडनच्या या कामात वेणू चितळे ही महाराष्ट्रकन्या होती आणि जॉर्ज ऑर्वेल हा प्रख्यात इंग्रज लेखक तिचा सहकारी होता. दुसरीकडे बर्लिनहून सुभाषबाबूंचा आवाज येत होता. हे बहुतेक सारे लघुलहरींवर चाले. मध्यम लहरी रात्रीच दूर जातात. लघुलहरी दिवसाही खंड ओलांडतात. परंतु दोहोंची पद्धत एकच, जिला आपण ए.एम. म्हणतो: आवाजाच्या चढउताराप्रमाणे लहरीची उंची कमीअधिक करावयाची. त्यामुळे एकाच पेटीत दोन्ही पट्ट्या असत, आणि एक खटका फिरविला की श्रोता मुंबईहून लंडनला किंवा बर्लिनला जाई.

याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत एक गुप्त केंद्र निघाले. ते चालविणाऱ्यांत अग्रभागी होत्या उषा मेहता. त्यांचा जन्म २५ मार्च १९२० रोजी सुरतेजवळच्या सरस या गावी झाला, हे येथील मुलांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. 'काँग्रेस रेडिओ'चे प्रसारण २७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२.३४ मीटर लहरीवर सुरू झाले. यंत्र एका जागी ठेवणे धोक्याचे होते. म्हणून ते या घरातून त्या घरात हलवीत. डॉ. राममनोहर लोहियांसारखे भूमिगत पुढारी पाठीशी होते. वृत्तपत्रांवर नियंत्रण असल्याने जे छापता येत नव्हते ते या केंद्राने सांगितले. चिमूर आणि आष्टी येथे काय घडले याची वार्ता त्यात होती. विदर्भातील एका गावाचे दुःख एका अदृश्य मनोऱ्यावरून देशाला कळविले गेले. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी केंद्र पकडले. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. ती त्यांनी येरवड्यास भोगली. केंद्र जेमतेम अडीच महिने चालले होते.

बरोबर पाच वर्षांनी, १२ नोव्हेंबर १९४७ रोजी, महात्माजी दिल्लीच्या नभोवाणी केंद्रात गेले आणि कुरुक्षेत्राच्या छावणीतील निर्वासितांशी बोलले. केंद्रात जाऊन भाषण करण्याचा त्यांचा तो एकमेव प्रसंग. एकाच तारखेला एकदा देशाचा आवाज पकडला गेला आणि एकदा तो मोकळेपणाने बोलला. इतिहासाचा शिक्षक म्हणून मी या दोन तारखा फळ्यावर नेहमी शेजारी शेजारी लिहितो.

सुरतेच्या दक्षिणेस दमण आहे. १९६१ पर्यंत तेथे पोर्तुगिजांचा ध्वज होता, आणि गोव्यातही. त्या राजवटीतील प्रजेला पोर्तुगीज सरकार सांगेल तेच ऐकावे लागे. त्यावर उपाय म्हणून २५ नोव्हेंबर १९५५ पासून एक भूमिगत केंद्र बोलू लागले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनी ते सीमेवरच्या घनदाट अरण्यात, पावसापाण्यात, सहा वर्षे चालविले. कोकणीतून आणि पोर्तुगीजमधून ते बोले. एक हिंदू, एक ख्रिस्ती; दोघेही गोमंतकीय; पुढे ते विवाहबद्ध झाले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा लिबियाबाईंनी ती वार्ता विमानातून घोषित केली. २०२५ साली, त्यांच्या वयाच्या शंभरीत, त्यांना पद्मश्री देण्यात आली. ज्या घरांत दारे लावून, आवाज बारीक करून हे केंद्र ऐकले गेले त्या घरांना मात्र कोणतेही पदक मिळालेले नाही. ऐकणे हेही एक धैर्याचे कृत्य असू शकते, ही गोष्ट आपण विसरतो.

येथवरच्या उदाहरणांत सरकार परके होते. म्हणून आपणास श्रोत्याची बाजू घेणे सोपे गेले. पण स्वकीय सरकारच्या काळातही हाच खेळ झाला. १९५२ साली डॉ. बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. ते आपल्या महाराष्ट्राचे. विद्वान, शास्त्रीय संगीताचे कैवारी. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते असे त्यांचे प्रामाणिक मत होते. त्यांच्या धोरणामुळे सरकारी केंद्रांवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. अभिजात संगीताला त्यांनी जो आश्रय दिला त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु श्रोता काही वर्गात बसलेला विद्यार्थी नव्हता. त्याने उठून काटा फिरविला आणि तो सिंहलद्वीपाला जाऊन पोहोचला. कोलंबोजवळ महायुद्धात दोस्तांच्या सैन्यासाठी एक प्रबळ प्रक्षेपक उभारला गेला होता. युद्धानंतर तो रेडिओ सिलोनच्या हाती आला. डिसेंबर १९५२ पासून त्यावर अमीन सायानी यांची गीतमाला सुरू झाली आणि बुधवारची संध्याकाळ हा लाखो घरांत एक नवा सण झाला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने 'विविध भारती' सुरू केली. कोणी मोर्चा काढला नव्हता, कोणी कायदेभंग केला नव्हता. नुसत्या बोटाने फिरविलेल्या काट्याने सरकारचे धोरण बदलले.

तरीही त्या काळचा रेडिओ किनाऱ्यावर नेण्याजोगा नव्हता. काचेच्या नळ्यांची ती लाकडी पेटी भिंतीतील विजेला, नाहीतर जड बॅटरीला बांधलेली असे; तिच्यासाठी परवाना लागे, छपरावर तार ताणावी लागे. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. १९५४ साली त्यावर चालणारा पहिला खिशातला रेडिओ बाजारात आला. पुढच्या वीसेक वर्षांत ही लहान पेटी आपल्या शेतांच्या बांधावर, होड्यांवर, गिरण्यांच्या दाराशी पोहोचली. परवान्याची पद्धतही १९८०च्या दशकात संपली. दूरश्रवण दिवाणखान्यातून बाहेर पडले आणि श्रमिकाच्या खांद्यावर बसले.

माझे बालपण वसईच्या किनारपट्टीवर गेले. आमच्या आजोबांचा असाच एक ट्रान्झिस्टर होता. नाताळच्या रात्री ते अंगणात बसून लघुलहरींवर व्हॅटिकनचे केंद्र शोधीत. १९३१ साली खुद्द मार्कोनीने उभारलेले ते केंद्र. लॅटिन त्यांना समजत नसे, आवाजही धड लागत नसे. परंतु काही क्षण तो स्वर वर आला की ते हात उंचावून आम्हाला गप्प करीत. नोकरीसाठी मी सुरतेत आलो तेव्हा हीच मुद्रा मला पुन्हा दिसली, अगदी वेगळ्या माणसाच्या चेहऱ्यावर. आमच्या शाळेत येणारी पुष्कळ मुले उधना, लिंबायत, पांडेसरा या वस्त्यांतली. त्यांचे वाडवडील खानदेशातून यंत्रमागावर कामाला आलेले. अशाच एका विद्यार्थ्याच्या आजोबांनी मला सांगितले की, पाळी संपल्यावर रात्री खोलीवर येऊन ते ५५८ किलोहर्ट्झवर मुंबईचे मराठी कार्यक्रम लावीत. आवाज फुगायचा, मावळायचा. कधी दुसरेच केंद्र वर चढायचे. "पण मास्तर," ते म्हणाले, "दिवसभर मागाच्या खडखडाटात राहिल्यावर आपली भाषा कानावर पडली की गावाकडे जाऊन आल्यासारखे वाटायचे." मुंबई केंद्राच्या योजनेत लिंबायतची ती खोली कदाचित कोठेच नसेल. पण तो श्रोता होता, आणि त्याला कोणाच्या परवानगीची गरज पडली नाही.

श्रोतेहो, दूरश्रवणाचे गुण सांगताना त्याचे दोष झाकणे बरोबर नव्हे. दूरचा आवाज खरा असतोच असे नाही. महायुद्धात प्रत्येक पक्षाने आकाशातून असत्य पेरले. १९६५ आणि १९७१च्या युद्धांत सीमेच्या दोन्ही बाजूंना एकाच दिवसाच्या दोन वेगवेगळ्या बातम्या ऐकू येत. मग सामान्य माणसाने काय केले? त्याने दोन्ही ऐकल्या. एक केंद्र अमुक विमाने पाडली म्हणते, दुसरे तमुक म्हणते. तिसरे, दूरचे, काय म्हणते ते पाहून तो आपले मत बनवी. इतिहासकार ज्याला साधनचिकित्सा म्हणतो ती याहून फार वेगळी नाही. एकच केंद्र ऐकणारा मनुष्य विश्वास ठेवतो किंवा ठेवत नाही. दोन केंद्रे ऐकणारा विचार करू लागतो. दूरश्रवणाने आपल्या समाजाला दिलेली सर्वांत मोठी देणगी हीच, असे माझे मत आहे.

ही शिस्त डुमसच्या वाळूवरही शिकता येते. लहान ट्रान्झिस्टरच्या पोटात फेराइट नावाच्या काळ्या पदार्थाची एक कांडी असते. तीच त्याची मध्यम लहरींची एरियल. ती दिशा ओळखते. कांडीचे टोक केंद्राकडे वळले की त्या केंद्राचा आवाज एकदम क्षीण होतो. म्हणून पेटी हळूहळू फिरवून प्रबळ केंद्राला बाजूला सारता येते आणि त्याच जागी दबलेले दुसरे केंद्र वर आणता येते. मुलांनी हे करून पाहिले. एका दिशेला पेटी धरली तर हिंदी बातम्या. काटा न हलवता पेटी पाव वळणाने फिरविली तर त्या विरळ होऊन त्यांच्याखालून दुसरीच भाषा. मोठ्या आवाजाखाली लहान आवाज असतो, आणि तो ऐकायचा तर आपणच वळावे लागते. हा धडा मी पुस्तकातून कधीच इतका चांगला शिकवू शकलो नसतो.

१९७८च्या नोव्हेंबरपासून आपल्याकडील मध्यम लहरींची केंद्रे नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरावर मांडलेली आहेत. ५३१ पासून १६०२ पर्यंत अशा १२० जागा होतात. आम्ही वहीत त्या जागा आखल्या आणि एक नियम केला: भाषा, वेळ आणि काय ऐकले ते लिहावे, केंद्राचे नाव मात्र ते निवेदकाच्या तोंडून ऐकल्याशिवाय लिहू नये. अंदाज हा अंदाज म्हणून लिहावा. जुने हौशी श्रोते असा वृत्तांत केंद्राला टपालाने पाठवीत आणि केंद्र पडताळून पाहून एक चित्रकार्ड धाडी. त्या कार्डाला किंमत असे ती सचोटीने केलेल्या नोंदीची.

आता ही पट्टी रिकामी होत चालली आहे. युरोपात जर्मनी आणि फ्रान्स यांनी २०१५ अखेर आपली मध्यम लहरींची मोठी केंद्रे बंद केली. ओमानच्या किनाऱ्यावरून बी.बी.सी. मध्यम लहरींवर आपल्या दिशेने वर्षानुवर्षे बोलत असे. तिचे हिंदी लघुलहरी प्रसारण ३१ जानेवारी २०२० रोजी थांबले. आपल्या आकाशवाणीनेही गेल्या काही वर्षांत पुष्कळ जुने प्रक्षेपक निवृत्त केले. काहींना नव्या अंकीय पद्धतीचा साज चढविला. वीज महाग, यंत्रे जुनी, श्रोते थोडे, ही कारणे खोटी नाहीत.

पण जमाखर्चाच्या वहीत न येणाऱ्याही काही बाबी असतात. ऑगस्ट २००६ मध्ये तापीला महापूर आला आणि सुरतेचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. वीज गेली, दूरध्वनी मुके झाले. आम्ही इमारतीच्या वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांसह अडकलो होतो. त्या अंधारात जगाशी आमचा एकच धागा उरला होता, तो म्हणजे दोन सेलांवर चालणारा ट्रान्झिस्टर. पाणी चढते की उतरते, एवढेच ऐकण्यासाठी वीस माणसे त्याच्याभोवती दाटीने बसली होती. बोलणारे केंद्र पुराबाहेर, लांब होते. म्हणूनच ते बोलू शकत होते. दूर असणे हाच त्या वेळी त्याचा गुण ठरला.

दुसरी बाब अधिक सूक्ष्म आहे. फोनवरून आपण जे ऐकतो ते आपल्यापर्यंत कोणीतरी आणून देत असतो. कोण ऐकतो, कोठून ऐकतो, किती वेळ ऐकतो, याची त्याच्याकडे नोंद राहते, आणि ज्याच्याकडे नोंद आहे त्याला दार बंदही करता येते. मध्यम लहरींवर ऐकणाऱ्याला कोणी ओळखत नाही. उषाबेनचे श्रोते किती होते हे सरकारला कधी कळले नाही. लिंबायतचा तो कामगार मुंबईला कधी दिसला नाही. बोलणारा प्रकाशात आणि ऐकणारा अंधारात, अशी ही रचना होती, आणि दुबळ्याला त्या अंधारातच आसरा मिळत असे.

माझ्या विद्यार्थ्याला मी हेच सांगितले: फोन वापर, त्यात वावगे काही नाही, पण आपल्या हाताने, कोणाच्या मध्यस्थीविना, दूरचे ऐकण्याची विद्या विसरू नकोस. तिच्याकरिता एक लहान पेटी, दोन सेल आणि धीर, एवढेच लागते. मीठ आणि रात्र आपल्याकडे फुकट आहेत.

तो काही बोलला नाही. थंडी वाढली होती, ओहोटी लागून पाणी पार मागे गेले होते. आम्ही सतरंजी झटकली. दुसऱ्या दिवशी मी वही तपासली. रात्री आठ वाजून चाळीस मिनिटांसमोर त्याने लिहिले होते: "पश्चिमेकडून. पुरुषाचा आवाज. भाषा बहुधा अरबी. नाव सांगितले, पण खरखरीमुळे कळले नाही. ओळख पटली नाही. पुन्हा जाऊन ऐकले पाहिजे."

मी त्या नोंदीला पूर्ण गुण दिले.